गुणाच्या पोरांचं गाव

जुन्नरकडे जाऊन आले म्हटल्यावर माझ्या औषधांच्या दुकानात येणारा जो तो विचारतो, शिवनेरी चढलात का, लेण्याद्रीचा गणपती केलात का, ओझरला गेलात का. नाही हो. यातलं काहीसुद्धा केलं नाही. मी आणि माझ्या सासूबाई, आम्ही दोघी एप्रिलच्या अखेरीला भर उन्हात कोल्हापुरातून इतक्या लांब गेलो ते एका ग्रामसभेत भांडायला. असल्या कामासाठी प्रवास करणाऱ्या बायका फार नसाव्यात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. ओतूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण गावात चांगली माणसंही आहेत. त्या गावाबाहेर 'परिवार' नावाचा एक मठ आहे. त्याच्या प्रमुखाला सगळे 'थोरले' म्हणतात. माझे वडील वारल्यावर आई मला कडेवर घेऊन तिथे आसऱ्याला गेली आणि सोळा वर्षांची होईपर्यंत मी तिथेच वाढले. परिवाराचा नियम असा, की लहान मुलांनी दिवसभर मौन पाळायचं. बोलायचं फक्त दिवेलागणीला, थोरल्यांसमोर, एकेकानं उभं राहून. हात जोडायचे, मान खाली घालायची आणि आज कोण चुकलं ते सांगायचं. मग म्हणायचं, 'निवेदन संपलं.' मैत्रिणीला गंमत सांगणं नाही, आईला भूक लागली म्हणून सांगणं नाही. बोलणं म्हणजे दुसऱ्याची चहाडी, एवढंच आम्हाला शिकवलं गेलं. त्र्याण्णव साली कोल्हापूरची मावशी मला घरच्या एका लग्नाला म्हणून घेऊन गेली आणि तिनं मला परत पाठवलंच नाही. आई मात्र राहिली.

दहा वर्षांनी, दोन हजार तीनमध्ये, माझ्यासोबत त्या मठात वाढलेल्या सुनंदाचा फोन आला. थोरल्यांनी गावाचं गायरान मागितलं होतं. डोंगरातल्या वाड्यांमधल्या पोरांसाठी वसतिगृह काढायचं म्हणे, जेवण फुकट, शिक्षण फुकट. सरपंच राजी होते. महाराष्ट्रदिनाच्या ग्रामसभेत ठराव यायचा होता. मी दुकानातच फोन ठेवला आणि हातातली सलाइनची बाटली आपटली. नवरा म्हणाला, मी येतो सोबत. सासूबाई, ज्यांना आम्ही घरात आत्ती म्हणतो, त्या आतून म्हणाल्या, "तू दुकान बघ. भांडाय जायचं तर मी जातो हिच्यासंगं."

आळेफाटा

आळेफाटा हे गाव कमी आणि चौक जास्त. नाशिकचे, नगरचे, कल्याणचे, पुण्याचे ट्रक इथे येऊन एकमेकांवर हॉर्न वाजवतात. रस्त्याच्या कडेला टायरांच्या चवडी, गॅरेजं आणि त्यांच्या मधेमधे हॉटेलं. एसटीतून उतरलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. आत्तींनी पदर डोक्यावर घेतला आणि पहिल्यांदा जेवायचं फर्मान काढलं.

इथली मासवडी मोठी नावाजलेली. बेसनाची पातळ पोळी थापायची, तिच्यात तीळ, खोबरं, कांदा, लसूण यांचं खमंग सारण भरायचं, गुंडाळून वड्या कापायच्या आणि त्या झणझणीत रश्शासोबत खायच्या. आत्तींनी ताटातली वडी उलटसुलट केली. "मासवडी म्हणत्यात आन् मासा कुठं हाय ह्यात?"

हॉटेलवाला हसला. "आजी, मासा नाय त्यात. दिसायला मासा."

"आमच्यात मटण म्हणत्यात त्यात मटण असतंय बाबा," आत्ती म्हणाल्या आणि दुसरी भाकरी मागितली.

मी घामाघूम होऊन जेवले. परिवारात तिखट वर्ज्य होतं, तिखटानं जीभ सुटते म्हणून. मावशीकडे पहिल्यांदा तांबडा रस्सा खाल्ला तेव्हा मी ढसाढसा रडले होते आणि मावशीला वाटलं, पोरीला झोंबलं. झोंबलं नव्हतं. बाजरीच्या भाकरीबरोबर ठेचा खाणाऱ्या मुलखाच्या मधोमध बसून माझ्या ताटात सोळाव्या वर्षापर्यंत कुणी एक मिरची पडू दिली नाही, याचा राग तेव्हापासून आहे आणि मासवडी खातानाही तो होता.

कुठे चाललात, असं हॉटेलवाल्यानं विचारलं. गावाचं नाव ऐकून त्याचा चेहरा उजळला. "थोरल्यांकडं व्हय? लई मोठं काम हाय त्यांचं. मागं त्यांची गाडी थांबली व्हती इथं. गाडीभर पोरं, पन आवाज म्हनून नाय! न्हाईतर आमची कार्टी बगा, घर डोक्यावर घेत्यात."

आत्ती म्हणाल्या, "मग धाड की तुझी कार्टी तिकडं." तो पुन्हा हसला, पण या वेळी जरा कमी, आणि पाणी आणायला निघून गेला.

येडगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी येडगावला सुनंदाकडे गेलो. धरणाच्या फुगवट्याला लागून तिचं घर आहे. समोर निळंशार पाणी, काठाला बगळे, मागे उसाचा फड आणि टोमॅटोचे मांडव. एप्रिलमध्ये आमच्या पंचगंगेला एवढं पाणी दिसत नाही. जागा अशी की तासभर गप्प बसून राहावं.

पण सुनंदाच्या घरात गप्प बसायची सोयच नाही. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर हिंदी मालिका, स्वयंपाकघरात रेडिओ, आणि त्या दोन्हींवर आवाज चढवून सुनंदा. दारातून आत घेतल्यापासून ती बोलत होती. टोमॅटोचा भाव, पोरीची शाळा, शेजारणीची म्हैस. आत्तींना कुणी बोलण्यात हरवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मी रेडिओ जरा बारीक करायला गेले तर तिनं माझा हात धरला. "राहू दे गं. गप झालं की मला धाप लागती."

तिनं धरणातले मासे तळले होते, वर लिंबू पिळून दिले. जेवण झाल्यावर मी विषय काढला. उद्या ग्रामसभेत तू माझ्या शेजारी उभी राहा, दोघी बोलू.

"मी न्हाई येणार," ती म्हणाली. टीव्ही चालूच होता. "ह्यांना मी सांगितलंय, मामाकडं वाढले म्हणून. सासरी कुणाला ठाव नाय. उद्या माझ्या पोरीला बघायला येतील तवा म्हनतील, आई मठात व्हती, कसली काय व्हती. तू लांब राहतीस. मला इथंच नांदायचंय."

मी तिच्यावर ओरडले. फोन तूच केलास ना, मला इथवर आणलंस ना? ती भांडी गोळा करत राहिली. मग म्हणाली, "फोन केला तेच माझं लई झालं बघ." माझा राग तिच्यावर नव्हताच. थोरले तिकडे गादीवर बसून पाया पडून घेतात आणि इथे स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्यापासून तोंड लपवायचं ते सुनंदानं. ज्यानं लाजायचं तो ताठ मानेनं हिंडतो आणि लाज असते ती आमच्या वाट्याला. निघताना तिनं आत्तींच्या पिशवीत टोमॅटो भरले आणि जीप वळेपर्यंत फाटकात उभी राहून ती काहीतरी बोलतच होती.

ओतूरच्या पुढे

ओतूरला बाजारपेठ गजबजलेली होती. कॉलेजची मुलं, खतांची दुकानं, एसटी स्टँडवर पालेभाजीच्या जुड्या घेऊन परतीच्या गाडीची वाट बघणाऱ्या बायका. पुढची एसटी चुकली म्हणून जीप धरली. आमच्याकडे तिला वडाप म्हणतात, पण कोंबण्याची रीत तीच. आत्तींना ड्रायव्हरशेजारी बसवलं ते असं, की गिअरचा दांडा त्यांच्या गुडघ्यांमध्ये आला. प्रत्येक चढाला ड्रायव्हर "आजी, पाय" म्हणायचा आणि प्रत्येक वेळी आत्ती त्याच्या सगळ्या खानदानाची चौकशी करायच्या. गाव येईपर्यंत त्या ड्रायव्हरला त्यांनी एक स्थळही सुचवलं होतं.

डोंगर तपकिरी झाले होते. भातखाचरांत राब भाजण्याचं काम चाललं होतं. पालापाचोळा आणि शेण पसरून रोपांची जागा भाजून घेतात, त्याचा धूर खोऱ्यात भरून राहिला होता. अंगणांत हिरडा वाळत पडलेला. बांधावरच्या करवंदांना नुकता रंग चढत होता. मी सगळं नव्या माणसासारखी बघत होते. सगळं लहानपण इथे काढलं, पण मला ठाऊक होतं ते फक्त मठाचं आवार. बाहेर एवढं सुंदर होतं, हे तेव्हा कळू दिलं नाही म्हणूनही माझं डोकं फिरलं.

आम्ही उतरलो ते ठमाबाईंकडे. त्या परिवाराला पूर्वीपासून दूध घालतात. सुनंदानं निरोप दिला होता, पण का येतोय ते सांगितलं नव्हतं. ठमाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला आणि लगेच बिबट्याची हकिगत सुरू केली. आठवड्यामागे त्यांची शेळी बिबट्यानं उचलली होती. "सगळी वाडी उठली! थाळ्या, डबे, फटाके, जे हाती लागंल ते वाजवलं. दुसऱ्या दिशी समदा गाव फॉरेस्टवाल्यांच्या दारात. पिंजरा घेतल्याबिगर हलायचंच नाय म्हनलं. आनला पिंजरा!" त्यांनी हात उंचावून दाखवलं तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. आत्ती मान डोलवत ऐकत होत्या.

मग ठमाबाई माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तू तिथलीच ना गं? लई गुणाची पोरं व्हती तुमी. मी दूध घालाय यायची, आंगन पोरांनी भरलेलं, पन कधी रडनं न्हाई, भांडन न्हाई. माज्या सुनांना मी सांगायची, तशी पोरं वाढवा."

इथे माझा तोल गेला. पाहुणी आहे, चहा प्यायलेय, सगळं विसरले. "ठमाबाई, तुमच्या गोठ्यातलं वासरू सकाळी हंबरलं नाही तर तुम्ही काय करता? जवळ जाऊन बघता ना, आजारी पडलं का म्हणून? आम्ही अंगणभर पोरं होतो. वर्षानुवर्षं एकही रडलं नाही. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की आत जाऊन बघावं? शेळीसाठी अख्खं गाव थाळ्या वाजवत उठलं. आमच्यासाठी एक थाळी वाजली नाही."

आत्तींनी मला आवरलं नाही. ठमाबाई चुलीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "देवाधर्माचं व्हतं. आमी म्हनलं, आपन कशाला बोला." जेवायला त्यांनी नाचणीची भाकरी आणि तिखटजाळ शेंगदाण्याची आमटी वाढली. मला वाढताना त्यांचा हात थांबला. "तिखट चालतंय का तुला?" असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणाले.

ग्रामसभा

शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं आणि तिथेच मांडवाखाली सभा बसली. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. एवढ्यात परिवाराचा टेम्पो आला. त्यातून पांढऱ्या कपड्यांतली मुलं उतरली आणि कुणी न सांगता पुढे येऊन रांगेत बसली. वसतिगृहात काय शिस्त लागते ते गावाला दाखवायला आणली होती. कौतुकाची कुजबुज झाली. मुलांच्या कडेला एक सेविका बसली, हडकुळी, केस पांढरे झालेली. ती माझी आई होती. तिनं मला पाहिलं, ओळखलं आणि डोळे खाली वळवले.

ठराव वाचून झाला. मी उभी राहिले. सरपंच म्हणाले, "ताई, तुमी गावच्या मतदार नाय. तुमाला बोलता येनार नाय."

ठमाबाई सतरंजीवरून म्हणाल्या, "मी हाय मतदार. माजं बोलनं ती बोलंल. काय अडचन हाय का?" सरपंचांनी इकडेतिकडे बघितलं. कुणी हरकत घेतली नाही.

मी बोलायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की माझे हात आपोआप जोडले गेलेत, मान खाली गेलीये आणि आवाज तोच निघतोय, निवेदनाचा, सपाट. इतकी वर्षं मी दुकानात उभी राहून लोकांना दरडावून औषधं कशी घ्यायची ते सांगते. पण त्या आवारापासून हाकेच्या अंतरावर माझं अंग पुन्हा त्यांचं झालं. माझीच मला अशी चीड आली, की मी मधेच थांबले. मागून आत्तींचा खणखणीत आवाज आला, "मान वर कर गं! कुणाच्या बापाचं खाल्लंयस?" पुरुष हसले. मी मान वर केली.

मग सांगितलं सगळं. थोरले स्वतः कधी हात उगारत नाहीत, त्यांना त्याची गरजच पडत नाही. आईनं मुलाला जवळ घ्यायचीही वेळ ठरलेली होती. माझ्या आईनं एकदा ती वेळ नसताना पदरानं माझं नाक पुसलं, ते एका मुलीनं निवेदनात सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईला अनवाणी तापल्या फरशीवर उभं केलं आणि आम्हा पोरांना रांगेनं बसवून ते बघायला लावलं. त्या मुलीचा दोष नाही, तिला तेवढंच बोलू दिलं होतं. चुकलेल्या पोरांनाही त्याच फरशीवर उभं करत. आम्ही रडत नव्हतो, कारण रडलं की दुसरा दिवसही फरशीवर.

सरपंच म्हणाले, "ताई, तुमचं वाईट झालं आसंल. पन ही पोरं बगा, कशी गुनानं बसलीत. ह्यांना काय झालंय का?" बऱ्याच माना हलल्या. मला वाटलं, हरलो.

ठमाबाई उठल्या. लुगडं सावरत पुढे गेल्या आणि रांगेतल्या पहिल्या मुलीपुढे उकिडव्या बसल्या. "बाय, नाव काय तुझं?" मुलगी गप्प. शेजारच्या मुलाला विचारलं, "तुझं रं?" तोही गप्प. कुणीतरी म्हणालं, "लाजत्यात." लोक हसले. ठमाबाई रांगेनं विचारत निघाल्या. नाव काय रं? तुझं गं? तुझं? एकानंही तोंड उघडलं नाही. सगळ्यांच्या नजरा सेविकेकडे लागल्या होत्या. हसणं हळूहळू बंद झालं. "माज्या नातवाला नाव इचारलं तर आज्याचं बी सांगतोय," ठमाबाई म्हणाल्या. "आन् मी ह्यांच्या दारात दूध घालत व्हते."

माझ्या आईनं मान वर केली. पहिल्या मुलीकडे बघून ती म्हणाली, "सांग."

मुलगी उठली. हात जोडले, नजर जमिनीवर. "माझं नाव कमल." आणि त्याच दमात, त्याच सुरात पुढे म्हणाली, "सेविकाबाईंनी वेळेआधी बोलायला लावलं. निवेदन संपलं." मग ती पुन्हा खाली बसली.

मग एक म्हातारा उठून म्हणाला, "गायरान द्यायचं न्हाई," आणि एकच कल्ला उडाला. ठराव बारगळला. पाच मिनिटांत सरपंचांनी माइक घेतला आणि म्हणाले, "चला, झालं ते झालं. आता समद्यांनी च्या घ्यायचा."

चहा! ती पोरं टेम्पोत चढत होती. त्याच फरशीकडे परत चालली होती आणि गाव कपबशा शोधत होतं. आपलं गायरान वाचलं, विषय संपला. पोरं काय, ती परिवाराची. मी टेम्पोकडे धावले. आई मागच्या फळीपाशी शेवटी बसली होती.

"चल," मी म्हणाले. "उद्या दुपारी तुला फरशीवर उभं करतील."

"करतील," ती म्हणाली.

"मग उतर ना! अजून कशाला जातेस?"

तिनं आतल्या पोरांकडे पाहिलं. मग खाली वाकून, आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "तू फिर्याद दे. माझं बी नाव घाल त्यात. आता पोरास्नी फरशीवर मीच उभं करतो." टेम्पो सुरू झाला.

ठाण्यात

त्याच दुपारी आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. ठमाबाई गुरं सुनेच्या हवाली करून आल्या होत्या. बाकावर बसल्याबसल्या त्यांनी सांगून टाकलं, की मी बघितलंय, मी सही करनार, अंगठा न्हाई. हवालदार मध्यमवयीन होते. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. फरशीचं आलं तेव्हा एकदा पेन थांबवून ते पाणी प्यायले. मी काही गाळलं नाही.

शेवटी नावं आली. थोरल्यांचं खरं नाव मी सांगितलं, ते मलाही मोठेपणी कळलं होतं. मग कारभारी दोघे. मग सेविका, पूर्ण नाव. हवालदार लिहिताना अडले. माझं माहेरचं आडनाव त्यांनी वर लिहिलेलं होतं. त्यांनी वर बघितलं, मग खाली.

"ह्या तुमच्या कोन?"

"आई."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "ताई, बाकीची नावं पुरेशी हायेत. हे एक राहू दे का?"

आत्तींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ठमाबाई दुसरीकडे बघायला लागल्या.

"नको," मी म्हणाले. "लिहा."